आक्षेपार्ह वाक्यांची वही

“हे सगळं वाचणार कोण?” असं उषाताईंनी विचारलं, आणि बाकीच्यांनी एकमेकींकडे बघायच्या आत माझा हात वर गेला.

सतरंजीच्या मधोमध एकतीस कादंबऱ्यांचा ढीग होता. सगळ्या एकाच बाईंच्या. अलकनंदा राजोपाध्ये हे नाव शहाऐंशी साली बार्शीतल्या ज्या घरात माहीत नव्हतं, त्या घरात वाचता येणारी बाईच नसणार. आमच्या महिला मंडळाच्या नऊजणींनी आपापल्या घरातून, शेजारपाजारून त्या गोळा करून आणल्या होत्या. त्यातल्या एकोणीस मी आणल्या. माझ्या मावशीच्या आहेत, असं मी सांगितलं. मला मावशी नाही.

बेत असा होता. गावातल्या चैतन्य वाचनालयाला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती आणि महिन्याभराने त्या समारंभाला खुद्द राजोपाध्येबाई येणार होत्या. त्यांचं भाषण संपलं की आम्ही उभं राहायचं, त्यांच्याच पुस्तकांतली बायकांना कमी लेखणारी वाक्यं त्यांना वाचून दाखवायची आणि जाब विचारायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात या एकतीस पुस्तकांची होळी करायची. त्याआधी ती वाक्यं हुडकून वहीत उतरवणारं कुणीतरी हवं होतं.

“रजनी, हे वाचायचं म्हणजे शिक्षाच आहे,” उषाताई म्हणाल्या. “झेपेल तुला?”

चळवळीसाठी करीन, असं मी मान खाली घालून म्हणाले. मान खाली घालायचं कारण चळवळ नव्हतं. मला हसू येत होतं आणि ते दिसू द्यायचं नव्हतं.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर. कानाला हेडफोन, समोर बोर्ड आणि मांडीवर राजोपाध्ये, अशी माझी ड्यूटी चालायची. चौदाव्या वर्षी पहिली कादंबरी वाचली तेव्हापासून मी त्यांची एकही सोडली नव्हती. नवी आली की वाचनालयाचे शेटे ती माझ्यासाठी जुन्या दिवाळी अंकांखाली लपवून ठेवायचे. प्रत्येक कादंबरीत एक रणधीर नाही तर यशोधन असायचा. इनामदार किंवा कारखानदार, भुवया जाड, बोलणं कमी. आणि एक गरीब, मानी मुलगी. तो तिचा पाणउतारा करायचा, मनगट पिरगळायचा, एखादी थप्पडही ठेवून द्यायचा. ती दार लावून रडायची. मग शेवटच्या दहा पानांत कळायचं की त्याचं आधीपासून तिच्यावरच प्रेम होतं, फक्त त्याला ते सांगता येत नव्हतं. त्या दहा पानांना मी दर वेळी नव्याने रडायचे.

त्याच काळात मी उषाताईंच्या मंडळातही होते, आणि काही उगाच नव्हते. उषाताई मोहोळकर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायच्या. त्यांचं एक भाषण ऐकलं आणि आठवड्याभरात मला बघायला पाहुणे आले. मुलाच्या काकांनी मला चालून दाखवायला सांगितलं. मी चालायला लागले, दारातून बाहेर पडले, गल्ली ओलांडली आणि थेट उषाताईंच्या घरी जाऊन पोचले. पाहुणे पोहे संपवून गेले तरी मी परतले नव्हते. त्यानंतर आईने माझ्या लग्नाचा विषय बरेच दिवस काढला नाही.

म्हणजे गुरुवारी संध्याकाळी मी मारहाणीविरुद्धच्या घोषणा रंगवायची आणि शुक्रवारी दुपारी रणधीरने मनगट पिरगळलं की माझ्या अंगावर गोड काटा यायचा. याची मला लाज वाटत नव्हती असं नाही. तीनदा मी राजोपाध्ये सोडून पाहिल्या. पहिल्या वेळी नऊ दिवस टिकले, दुसऱ्या वेळी चार. तिसऱ्यांदा सोडल्या त्याच संध्याकाळी शेट्यांनी नवी कादंबरी आल्याचा निरोप पाठवला. मी स्वतःची समजूत घालायची की गोष्ट ती गोष्ट आणि आयुष्य ते आयुष्य. वाचणारीला एवढं कळतं.

आता तर चळवळीनेच मला एकतीस कादंबऱ्या पुन्हा वाचायला बसवलं होतं. मी दोनशे पानी वही आणली. त्यात चार रकाने आखले: पुस्तक, पान, वाक्य, आक्षेप. आक्षेपार्ह वाक्य नीट समजायचं तर त्याच्या मागचं पुढचं वाचायला लागतं, म्हणून मी प्रत्येक कादंबरी पहिल्या पानापासून वाचत होते. तेही उघड्यावर, हातात पेन्सिल घेऊन. आमच्या सुपरवायझरनी हटकलं तेव्हा सामाजिक काम आहे, असं मी त्यांना सांगितलं. त्या दुपारी एका डाळीच्या व्यापाऱ्याला मी लातूरऐवजी साताऱ्याला जोडून दिलं. दोन्हीकडची माणसं तूरडाळीच्या भावावर तीन मिनिटं बोलली आणि मगच त्यांना संशय आला.

पुढच्या गुरुवारी मी पहिली बारा वाक्यं मंडळात वाचून दाखवली. सगळ्या गंभीरपणे ऐकत होत्या. ‘निखाऱ्यावरचा मोगरा’मधलं वाक्य झालं. रणधीर मोगऱ्याची माळ पायाखाली चिरडतो आणि नायिकेला म्हणतो, या घरात तुझा आवाज मला ऐकू येता कामा नये. मग सरकारी दवाखान्यात नर्स असलेल्या शालनने विचारलं की पुढे काय होतं. संदर्भासाठी हवंय, असंही ती म्हणाली.

मी संदर्भ सांगितला. पाऊण तास लागला. उषाताईंनी दोनदा घड्याळ बघितलं, पण त्यांनी मला थांबवलं नाही.

बैठक संपताना शालन म्हणाली की एकट्या रजनीवर एवढा बोजा टाकणं बरं नव्हे, तीन पुस्तकं ती नेते. मग दुसरीने चार नेली. पंधरा दिवसांत ढिगातली निम्म्याहून जास्त पुस्तकं वाटली गेली आणि माझ्याकडे वहीत उतरवायला बाकीच्या जणींच्या चिठ्ठ्या येऊ लागल्या. सुरुवातीला चौथ्या रकान्यात ‘स्त्रीत्वाचा अवमान’, ‘गुलामीचं उदात्तीकरण’ असं ठणठणीत लिहिलेलं असायचं. पुढे पुढे ‘बहुधा आक्षेपार्ह’ असं यायला लागलं. एकीने ‘इनामदारांची अबोली’च्या एकशे चाळिसाव्या पानापुढे लिहून पाठवलं, ‘इथे खरं तर तिचीपण चूक आहे.’ मी ते इमानेइतबारे वहीत उतरवलं.

उषाताई सगळ्यांत जास्त दिवस टिकल्या. पण एक दिवस त्यांनाही प्रश्न पडला की इनामं कधीच रद्द झाली, मग या माणसाकडे एवढी जमीन आली कुठून. याची आर्थिक बाजू तपासायला हवी, असं म्हणून त्यांनी दोन पुस्तकं ठेवून घेतली. पुढच्या गुरुवारी त्यांचे डोळे लाल होते. सर्दी झालीय, म्हणाल्या.

याच दिवसांत द्वारका आली.

शनिवारची दुपार होती. उषाताई कॉलेजात होत्या आणि मी त्यांच्या पुढच्या खोलीत वाक्यं उतरवत बसले होते. दारात तिशीची एक बाई उभी राहिली. ओठ सुजलेला होता. मंडळ हेच का, असं तिने विचारलं. आत येऊन बसली आणि दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तशी सांगत गेली. नाव द्वारका माने. नवरा भानुदास कापडाच्या दुकानात नोकरीला. लग्नाला सहा वर्षं होऊन गेलेली, मूलबाळ नाही. ती घरी मशीनवर ब्लाउज शिवायची. तो आधी वर्षातून दोनदा मारायचा, आता महिन्यातून दोनदा. पोलिसांत अर्ज द्यायचाय, पण लिहायचा कसा ते माहीत नाही.

मी तिच्या तोंडून ऐकून दोन पानी अर्ज लिहिला. तिने खाली सही केली, शाळकरी पोरीसारखी गोल अक्षरांत. सातवीपर्यंत शिकले, म्हणाली. वाचायची लई आवड, पण सासरी कॅलेंडरशिवाय कागद नाही. उषाताई यायला अजून दोन तास होते. ती नुसतीच भिंतीकडे बघत बसली होती. मला ते बघवेना. माझ्या हाताशी एक कादंबरी होती ती मी तिच्यापुढे सरकवली आणि म्हटलं, वाचत बसा, तेवढंच मन रमेल.

उषाताई आल्या तेव्हा द्वारका ओळीखाली बोट धरून पंचेचाळिसाव्या पानावर पोचली होती. बुधवारी सगळ्यांनी मिळून पोलिस ठाण्यात जायचं ठरलं. निघताना तिने विचारलं, पुस्तक नेलं तर चालेल का. मी म्हटलं, न्या की.

सोमवारी ती एक्सचेंजच्या खिडकीशी आली. पुस्तक संपवलं होतं. मी दुसरं दिलं. मंगळवारी तिसरं. बुधवारी आम्ही पाचजणी तयार होऊन बसलो तर द्वारका आली आणि म्हणाली की अर्ज राहू द्या, अजून थोडे दिवस बघते. उषाताईंनी तासभर तिची समजूत घातली. ती एवढंच म्हणत राहिली, “माणूस मनानं वाईट न्हाई.”

ती गेल्यावर आम्ही चर्चा केली. सासरचा दबाव असणार, असं ठरलं. शालनला वाटलं, माहेरच्यांनी पाय मागे ओढला असेल. मी मंडळाच्या रजिस्टरमध्ये स्वच्छ अक्षरांत लिहिलं: ‘नातेवाइकांच्या दडपणामुळे तक्रार स्थगित.’

पुस्तकं मात्र ती नेत राहिली, आणि मला सांगायला हरकत नाही, मी खूश होते. इतक्या वर्षांत राजोपाध्यांबद्दल मोकळेपणी बोलायला मला कुणी मिळालंच नव्हतं. मंडळात आक्षेप घ्यावे लागायचे, घरी आईपुढे नाव काढायची सोय नव्हती. द्वारका खिडकीशी उभी राहून बोलायची आणि तिचं वाचन माझ्यापेक्षा बारीक होतं. कुठल्या नायकाने कुठल्या पानावर साडी आणली, ते तिला पाठ असायचं. रणधीरपेक्षा यशोधन बरा, असं तिचं मत होतं. का, विचारलं तर म्हणाली की तो मारल्यावर निदान डॉक्टर बोलावतो. आम्ही दोघी हसलो. मी हसले हे मला चांगलं आठवतं.

शेवटच्या आठवड्यात ती आली नाही. शिलाईची गर्दी असेल, असं मला वाटलं.

समारंभ रविवारी दुपारी चार वाजता एका शाळेच्या सभागृहात होता. चारशे बायका आल्या होत्या. व्यासपीठावर आलेल्या राजोपाध्येबाईंना पाहून मला धक्काच बसला. मोत्यांचा सर, शिफॉनची साडी, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. आल्या त्या साठीच्या, स्थूल, गुडघे धरून जिना चढणाऱ्या, सुती साडीतल्या बाई. हातात पाण्याची बाटली आणि चष्म्याची दोरी मळलेली. वाचकांची पत्रं कशी येतात यावर त्या वीस मिनिटं साधंसुधं बोलल्या. टाळ्या झाल्या. मग उषाताई उभ्या राहिल्या आणि त्यांनी जाहीर केलं की आमच्या मंडळाला लेखिकेला काही विचारायचं आहे, रजनी तांबारे वाक्यं वाचतील.

मी माइकपाशी गेले. वही उघडली. आवाज शक्य तेवढा कडक करून ‘निखाऱ्यावरचा मोगरा’ वाचायला सुरुवात केली. “रणधीरच्या हाताचे वळ तिच्या गालावर उमटले आणि त्या क्षणी तिला उमगलं, या हातात किती हक्क आहे…”

“…आणि किती आसरा,” सभागृहातून तीसचाळीस आवाज एकदम आले.

मी थबकले. पुढचं वाक्य वाचलं. तेही बायकांनी माझ्याबरोबर पूर्ण केलं आणि टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या वाक्याला पहिल्या रांगेतल्या एक आजी उठल्या आणि त्यांनी मला सांगितलं की हे पंचाण्णव नव्हे, सत्त्याण्णव पानावर आहे. राजोपाध्येबाईंनी व्यासपीठावरून हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते.

उषाताई माझ्या कानाशी कुजबुजल्या, “आक्षेप वाच, आक्षेप.”

मी घाईने पान उलटून चौथ्या रकान्याकडे बघितलं. उघडलं होतं ते नेमकं ‘इनामदारांची अबोली’चं पान. मी वही मिटली.

“ही मुलगी फार सुंदर वाचते,” राजोपाध्येबाई म्हणाल्या. “आणि निवडही किती मनापासून केलीय.”

लोक हसले. माइक उषाताईंनी घेतला आणि त्यांनी सरळ विचारलं की मारणारा नवरा आतून प्रेमळच असतो, असं तुम्ही पुस्तकामागून पुस्तक लिहिता, याचा परिणाम काय होतो याचा विचार करता का. बाईंनी शांतपणे उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, माझी वाचक दिवसभर राबते, भांडी घासते आणि दोन तास माझं पुस्तक घेऊन बसते. ती खुळी नाही. गोष्ट काय आणि आयुष्य काय, हे तिला तुमच्याइतकंच कळतं. ते दोन तास तिच्या हातून काढून घेणारे तुम्ही कोण?

टाळ्यांचा कडकडाट झाला. आमच्या नऊजणींपैकी तिघी टाळ्या वाजवत होत्या. माझेही हात जवळ आले होते. तेरा वर्षं मी स्वतःला हेच तर सांगत होते, फक्त इतक्या चांगल्या शब्दांत सांगता आलं नव्हतं.

टाळ्या ओसरल्या तेव्हा मागच्या भिंतीजवळ एक बाई उभी राहिली. द्वारका होती.

“बाई, मला एक विचारायचंय,” ती म्हणाली. माइक नसूनही सगळ्यांना ऐकू गेलं. “तुमच्या पुस्तकात नवरा मारतो आन् शेवटाला सुधारतो. त्याला किती दिस लागतात?”

सभागृह पुन्हा हसलं. बाईही हसल्या. म्हणाल्या, पुस्तकावर अवलंबून आहे. वर्ष, दीड वर्ष.

“माझं सातवं चालूय.”

आता कुणी हसलं नाही. बाईंनी चष्मा काढला. त्या म्हणाल्या, “हे बघा, तुमचा नवरा काही मी लिहिलेला नाही.”

“व्हय, ते कळतं मला. पण तुमचे समदे आतनं चांगले निघाले, म्हणून म्हटलं ह्योबी निघंल. पोलिसातला अर्ज लिहून झाला हुता. तवर तीन पुस्तकं वाचली, मग म्हटलं थांबावं. फुडं आणि पाच वाचली. ह्या रजनीताईंनीच दिली. लई ग्वाड हायेत, माझी तक्रार न्हाई.” तिने पदर सावरला तेव्हा आम्हाला तिचा डावा हात दिसला. मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर होतं. “निस्तं विचारते, आणखी किती वाट बघायची.”

ती कुणावर आरोप करत नव्हती. बसच्या चौकशीला विचारावं तसं विचारत होती. मी त्या प्लास्टरकडे बघत होते. मनगट पिरगळणं हा शब्द मी हजार वेळा वाचला असेल. पिरगळलेलं मनगट मी पहिल्यांदा पाहत होते.

राजोपाध्येबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्यांना उत्तर टाळता आलं असतं. शेट्यांनी आभाराचा कागद हातात घेतलाही होता.

“एक दिवससुद्धा नाही,” त्या म्हणाल्या आणि खाली बसून बाटलीतलं पाणी प्यायल्या.

शेट्यांनी घाईघाईने आभार मानायला सुरुवात केली. शाळेचे आभार, लाउडस्पीकरवाल्याचे आभार, फुलं देणाऱ्याचे आभार. मला पुढचं ऐकू येत नव्हतं. मंडळाच्या रजिस्टरमध्ये मीच लिहिलेलं ते ‘नातेवाइकांचं दडपण’ मला आठवत होतं. उषाताई मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता चौकात होळीची तयारी होती. रॉकेलचा डबा होता, काड्यापेटी होती, एका साप्ताहिकाचा वार्ताहर कॅमेरा घेऊन आला होता. पुस्तकं तीन होती. त्यातलं एक लोणच्यांचं होतं. शालनचं म्हणणं पडलं की तिची पुस्तकं जावेने नेलीत. एकीच्या घरी पाहुणे वाचत होते. एकीने खरं सांगितलं की तिला जाळवत नाहीत. उषाताईंनी आपली दोन का आणली नाहीत, असं कुणीतरी विचारलं तेव्हा आर्थिक बाजू अजून पूर्ण झाली नाही, असं त्या म्हणाल्या. वार्ताहराने डब्याचा फोटो काढला आणि तो चहा प्यायला गेला.

आदल्या संध्याकाळी ठरलं होतं तसं उषाताई आणि मी तिथूनच द्वारकाच्या घरी गेलो. अर्ज माझ्या पिशवीत होता. द्वारका म्हणाली, आधी मशीन हलवू, मग अर्ज. नाहीतर तो मशीन विकून टाकेल. तिने हातगाडीही सांगून ठेवली होती.

भानुदास घरातच होता. मी त्याला तोपर्यंत पाहिलं नव्हतं आणि मनात कुठेतरी जाड भुवयांचा माणूस धरून बसले होते. हा बारीक, बुटका, शर्टाच्या खिशात कंगवा ठेवणारा. आम्हाला बघून तो दारात आडवा आला, मग रडायला लागला. डोळे पुसत म्हणाला की मी बदलेन, माझा जीव आहे तिच्यावर, पण मला सांगता येत नाही.

हे मी एकतीस वेळा वाचलं होतं. एकतीसही वेळा रडले होते. या वेळी मी वाकून मशीनचा एक पाय धरला आणि उषाताईंना म्हटलं, “उचला तिकडून.”

उषाताईंनी जन्मात कपाटसुद्धा हलवलं नसेल. त्यांनी पदर खोचला आणि उचललं. दारातून काढताना मशीन भानुदासच्या पायाच्या अंगठ्यावर आलं. मुद्दाम नव्हतं, असं उषाताई पुढे बरीच वर्षं सांगायच्या. पण सांगताना त्यांचा चेहरा सर्दी झाली म्हणाल्या होत्या तेव्हासारखाच व्हायचा.

अर्ज त्याच सकाळी दिला. द्वारका आधी उषाताईंच्या मागच्या खोलीत राहिली, नंतर तिने बसस्टँडजवळ शिलाईचं दुकान काढलं. आता तिच्या हाताखाली चार मुली आहेत आणि माझे ब्लाउज ती अजूनही सांगितल्यापेक्षा घट्ट शिवते.

मी राजोपाध्ये सोडल्या. या वेळी मोजायला लागलं नाही, पण सोपं गेलं असं म्हणणार नाही. पहिल्या महिन्यात मी दाण्यांच्या पुड्यांचे कागद वाचले, रेल्वेचं वेळापत्रक वाचलं, आईच्या औषधाच्या बाटल्या वाचल्या. शेट्यांनी नवी कादंबरी आल्याचा निरोप पाठवला तेव्हा ती दुसऱ्या कुणाला द्या, असं मी कळवलं आणि घरी येऊन तास दोन तास चिडचिड केली. त्या रविवारनंतर बाईंच्या लिखाणात काही बदल झाला, असं काहीजणी म्हणतात. काहीजणी म्हणतात, काही नाही झालं. मला माहीत नाही. कधीकधी फार वाटतं की उघडून बघावं.

त्या सकाळी मात्र आम्ही तिघी हातगाडीमागे चालत होतो. मशीन गाडीवर आडवं बांधलेलं, त्यावर द्वारकाची ट्रंक. मंडईच्या वळणावर द्वारकाने चालता चालता विचारलं, “ताई, ते ‘सातव्या मजल्यावरची शेफाली’ माझं अर्धंच ऱ्हायलंय. शेवटाला काय होतं?”

मी ती कादंबरी सहा वेळा वाचली होती. शेफाली शेवटी त्याच्या छातीवर डोकं टेकते.

“ती सामान गाडीवर टाकते आणि निघून जाते,” मी म्हटलं.

द्वारका चार पावलं तशीच चालली. मग हसली.

“ताई, तुम्हाला न्हाई जमायचं बघा गोष्टी लिवायला,” ती म्हणाली आणि चांगला हात गाडीच्या दांड्याला लावून ढकलायला लागली.